अळंबीची पुस्तकं मागून पुढं वाचायची

मागच्या दिवाळीत माझ्या भाच्यानं एकदम तीन पुस्तकं मागवली. एक जंगलातली मशरूम ओळखायचं, एक मशरूमच्या रेसिप्यांचं आणि एक घरी मशरूम पिकवायचं. तिन्ही इंग्रजी, चकचकीत, फोटो असे की जेवण झालेल्या माणसाला परत भूक लागावी. लगेच मला फोन, मामा आता पावसाळ्यात पालच्या जंगलात जायचं आणि टोपलीभर घेऊन यायचं. मी विचारलं आधी कुठलं वाचणार, तर म्हणे ओळखायचं, मग शिजवायचं, मग जमलं तर पिकवायचं. मी म्हटलं अरे बाबा बरोब्बर उलटं कर. आधी पिकव, मग शिजव, आणि ओळखायचं पुस्तक सगळ्यात शेवटी उघड. त्याला वाटलं मामा घाबरट आहे. घाबरट तर आहेच, पण कारण वेगळं आहे, आणि ते नीट सांगायला फोन पुरला नाही म्हणून हे लिहितोय.

(आणि हो, पाल म्हणजे यावल अभयारण्याचा भाग, तिथून काही उचलून आणणं हा वनखात्याच्या नियमांचा विषय आहे, ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.)

आधी एक साधी गोष्ट. आपण जिला अळंबी, भूछत्र किंवा लहानपणी 'कुत्रानी छत्री' म्हणून लाथेनं उडवायचो, ती म्हणजे पूर्ण जीव नाहीच. ते फक्त फळ आहे. खरं 'झाड' मातीत, लाकडात नाहीतर शेणात पसरलेलं असतं, पांढऱ्या बारीक धाग्यांचं जाळं, त्याला मायसेलियम म्हणतात. आंब्याचं झाड जमिनीखाली आणि नुसता आंबा वर आला तर कसं दिसेल, तसं. वर्षभर हे जाळं गुपचूप पडून असतं आणि ओल, ऊब, हवा जुळली की दोन दिवसांत वर टोपी काढतं. बुरशी ही वनस्पतीही नाही, तिच्यात हिरवं हरितद्रव्य नाही, ती स्वतः अन्न बनवत नाही, दुसऱ्याचं कुजवून खाते नाहीतर झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करते. १९६९ मध्ये व्हिटाकर नावाच्या शास्त्रज्ञानं सजीवांचे पाच गट पाडले तेव्हा बुरशीला स्वतंत्र घर दिलं, तोवर ती बिचारी वनस्पतींच्या घरात भाडेकरू होती.

आता यातून ओळखण्याची पहिली अडचण समजून घ्या. रानभाजी ओळखताना तुमच्याकडे पान असतं, देठ असतो, फूल, शेंग, मूळ, आणि ती दोन-तीन महिने तिथंच उभी असते, आज चुकलं तर पुढच्या आठवड्यात फूल आल्यावर परत बघता येतं. अळंबी दोन-चार दिवसांची पाहुणी. त्यातही सकाळी बटणासारखी, दुपारी छत्री, दुसऱ्या दिवशी उलटी झालेली बशी. पुस्तकात यातला एकच फोटो असतो, आणि तोही फोटोग्राफरला आवडलेला.

हे मला पुस्तक वाचून नाही कळलं, पिशव्या टांगून कळलं.

तीनेक वर्षांपूर्वी आम्ही घरामागच्या खोलीत धिंगरी लावली. धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम, शिंपल्यासारखी, शास्त्रीय नाव प्लुरोटस. आपल्या भागात सुरुवात करायला हीच बरी, कारण बटण मशरूमला थंडी लागते आणि खतबित बनवायचा मोठा पसारा असतो, धिंगरी २० ते ३० अंशांत येते आणि तिला काय खायला घालायचं म्हणाल तर गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार, केळीची वाळलेली पानं, बारीक केलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे जे आपण खानदेशात बांधावर जाळतो ते सगळं. जळगाव जिल्ह्यात केळी कापल्यावर पानांचा जो ढीग पडतो तो बघून मला अजून हळहळ वाटते. फक्त एक, कपाशीवर शेवटपर्यंत फवारे बसलेले असतात, म्हणून मी घरच्या खाण्यासाठी पऱ्हाटी वापरत नाही, काड वापरतो. मशरूम खालच्या मालातले जड धातू वगैरे स्वतःत ओढून घेतं हे पक्कं माहीत आहे, त्यामुळं हायवेच्या कडेचं किंवा कारखान्यामागचं मशरूम खाण्याजोग्या जातीचं असलं तरी सोडायचं.

पद्धत थोडक्यात अशी. काड बोटाच्या दोन पेरांएवढं कापायचं, रात्रभर भिजवायचं, मग साधारण ८० अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं. खळखळ उकळायची गरज नाही. हे कशासाठी, तर काडावर आधीच शंभर प्रकारच्या बुरशा बसलेल्या असतात, त्यांना मारायचं आणि आपलीला मोकळं रान द्यायचं. शेतात तण काढून पेरणी करतो ना, तेच, फक्त तण डोळ्याला दिसत नाही. मग काड निथळू द्यायचं, मुठीत दाबलं तर हात ओला झाला पाहिजे पण थेंब पडता कामा नये, इथं निम्मे लोक फसतात आणि पाणी जास्त ठेवतात. मग थरावर थर, मध्ये स्पॉन. स्पॉन म्हणजे बियाणं, पण ते बी नसतं, गहू नाहीतर ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले तेच पांढरे धागे. ओल्या काडाच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे १० किलो ओल्या काडाला २०० ग्रॅम, पहिल्यांदा करत असाल तर थोडं जास्त घाला. पिशवीला भोकं पाडायची, अंधाऱ्या खोलीत टांगायची आणि पंधरा-वीस दिवस हात लावायचा नाही. सगळी पिशवी खडूसारखी पांढरी झाली की प्लास्टिक कापून काढायचं, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा, भिंतीला ओलं बारदान, तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्यासारखे कोंब येतात आणि मग ते इतक्या वेगानं वाढतात की पोरं शाळेतून आल्यावर आधी खोलीत पळतात. एका पिशवीतून आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा माल निघतो. १ किलो कोरड्या काडाला सगळा मिळून साधारण अर्धा ते पाऊण किलो ताजा माल धरा. यूट्यूबवर दुप्पट-तिप्पट सांगतात, सांगू द्या.

इंग्रजी पुस्तकावरून पिकवणार असाल तर तीन गोष्टी भाषांतर करून घ्याव्या लागतात आणि त्या शब्दांच्या नाहीत. एक म्हणजे तापमान, अमेरिकन पुस्तकात फॅरेनहाइट असतं, भाच्यानं ७५ अंश वाचून विचारलं की मामा हे शिजवायचं की पिकवायचं, तर ते आपलं २४ अंश होतं. दुसरं म्हणजे कच्चा माल, त्यांचं सगळं ओकच्या नाहीतर बीचच्या भुशावर, आपल्याकडे ती झाडंच नाहीत. आणि तिसरं म्हणजे ऋतू. आपल्याकडे गणपतीपासून होळीपर्यंत धिंगरी मजेत येते, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ला टेकतो तेव्हा बारदानाची काय कथा. उन्हाळ्यात करायचंच असेल तर दुधी अळिंबी आहे, कॅलोसायबी इंडिका, पांढरीशुभ्र, जाड देठाची, ३० ते ३५ अंशांत आनंदानं येणारी, आणि ही आपली देशी, १९७४ मध्ये पश्चिम बंगालमधून तिची शास्त्रीय नोंद झाली. परदेशी जुन्या पुस्तकांत तिचं नावही नसतं. तिला वरून मातीचा थर द्यावा लागतो, म्हणून धिंगरी जमल्यावरच तिच्या नादी लागा.

बियाणं आणि ट्रेनिंगसाठी कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा, आपल्याकडे ममुराबादला आहे, पालला आहे, धुळ्याला आणि नंदुरबारला आहे, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तर अळिंबीचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्पच आहे. हे सांगण्याचं कारण, व्हॉट्सॲपवर 'स्पॉन आमच्याकडून घ्या, सगळा माल आम्ही परत घेऊ' असले मेसेज फिरतात, आम्ही पण एकदा त्यात पडलो, स्पॉन आलं, पैसे गेले, माल तयार झाला तेव्हा फोन बंद. ताजी धिंगरी एक-दोन दिवसांत मान टाकते, मग काय, सगळ्या गल्लीनं आठवडाभर मशरूम खाल्लं.

आता मुद्द्याचं. पिकवताना मी ओळखण्याबद्दल जे शिकलो ते असं.

एकाच पाकिटातलं स्पॉन, एकच काड, एकच दिवस. खिडकीजवळच्या पिशव्यांना रुंद बशीसारखी, आखूड देठाची अळंबी आली. मागच्या कोपऱ्यात, जिथं हवा खेळत नव्हती, तिथं लांबच लांब देठ आणि वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी, कारण कार्बन डायऑक्साइड साठला की ती अशीच वाढते. आणि ज्या पिशव्यांवर दोन दिवस पाणी मारायचं राहिलं त्यांची टोपी पिवळट, कडेला तडकलेली. तिन्हीचे फोटो काढून कुणाला पाठवले तर तो शपथेवर सांगेल की या तीन वेगळ्या जाती आहेत. आणि हे बियाणं मी स्वतः लावलेलं! मग जंगलात पाऊस, सावली, माती सगळंच आपल्या हाताबाहेर, तिथं फोटोशी फोटो लावून काय कळणार. मोबाइलच्या ॲपचंही तेच, ते बिचारं वरून काढलेला फोटो बघतं, त्याला वास येत नाही, बूड दिसत नाही.

दुसरा धडा याहून भारी. एका खेपेला काड नीट गरम झालं नव्हतं आणि ओलही जास्त होती. पिशवीतून आधी हिरवे डाग आले. ते ट्रायकोडर्मा, तीच बुरशी जी आपण हरभऱ्याला मर लागू नये म्हणून पैसे देऊन विकत आणतो, शेतातला मित्र आणि मशरूमच्या खोलीतला चोर. आणि मग आमच्याच पिशवीतून, धिंगरीच्या शेजारी, बारीक देठाच्या करड्या घंटेसारख्या छत्र्या उगवल्या, दुसऱ्या दिवशी त्या काळ्या शाईसारख्या वितळून गेल्या. ही शाईछत्री, इंककॅप. पिशवी आपली, बियाणं आपलं, खोली आपली, आणि बाहेर आलं दुसरंच. तेव्हापासून 'माझ्या शेतात उगवलं म्हणजे चांगलं' हे वाक्य मी बोलायचं सोडलं.

(शाईछत्रीच्या एका जातीची गंमत म्हणजे ती नुसती खाल्ली तर पचते, पण तिच्या आगेमागे दारू घेतली की तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. तिच्यातलं द्रव्य दारू शरीरात पुढे मोडूच देत नाही. दारू सोडवायच्या एका गोळीचं काम असंच चालतं. मोहाच्या सीझनमध्ये आपल्याकडे हे लक्षात ठेवायला हरकत नाही.)

तिसरी गोष्ट, बीजाणूंचा ठसा. पिकवताना तो करून बघा, फुकट आहे. टोपीखाली ज्या पात्यापात्यांच्या उभ्या घड्या असतात त्यांना गिल्स म्हणतात, त्यातून बीजाणू पडतात, म्हणजे धुळीएवढ्या बारीक 'बिया'. टोपी देठापासून कापायची, अर्धा पांढरा अर्धा काळा कागद घ्यायचा, त्यावर घड्या खाली करून ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी कागदावर रांगोळीसारखा ठसा उमटतो. धिंगरीचा पांढरा, कधी जरा जांभळट झाक. हा रंग हवामानानं, वयानं, पाण्यानं बदलत नाही, म्हणून ओळखण्याच्या कामात टोपीच्या रंगापेक्षा याला मान जास्त. आणि धिंगरी खूप मोठी होऊन कडा वर वळेपर्यंत ठेवू नका, खोलीभर हे बीजाणू उडतात आणि खोकला धरतो, मशरूमच्या शेडमध्ये रोज काम करणाऱ्यांच्या छातीला याचा त्रास होतो हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे.

शिजवण्याचं पुस्तक मी फार सांगत नाही. मशरूममध्ये नव्वद टक्के पाणी, म्हणून पाण्यात भिजत घालायचं नाही, झटपट धुवून पुसायचं आणि मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतायचं. कच्चं खायचं नाही, बुरशीच्या पेशींची भिंत कायटिनची असते, तेच जे खेकड्याच्या कवचात असतं, शिजल्याशिवाय पोटाला जड. शिजवण्याआधी थोडा वेळ घड्या वर करून उन्हात ठेवलं तर त्यातल्या एका द्रव्याचं ड जीवनसत्त्व बनतं, आणि ऊन हा आपला खानदेशचा एकमेव मुबलक माल. रेसिपीच्या पुस्तकात सगळीकडे बटर आणि क्रीम. आमच्या घरी सुकं खोबरं, कांदा, काळा मसाला वाटून वांग्याच्या रश्शासारखा तर्रीदार रस्सा करतात आणि सोबत कळण्याची भाकरी. भाचा म्हणाला हे पुस्तकात नाही. म्हटलं पुस्तकवाल्याचं नशीब.

पण शिजवण्यातून एक चुकीचा धडा मिळतो तेवढा सांगतो. आपली सगळी रानभाज्यांची विद्या ही 'विष काढायची' विद्या आहे. सुरण खाजतो कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे स्फटिक असतात, म्हणून चिंच-आमसूल घालायचं. कडू कंद सातपुड्यातल्या बायका चिरून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून गोड करतात. बांबूचा कोंब म्हणजे वास्ता, त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, पाणी बदलून उकळला की तो निवतो. हे सगळं खरं आहे, पिढ्यांनी पारखलेलं आहे. त्यामुळं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की नीट शिजवलं की विष जातं. अळंबीच्या सगळ्यात वाईट विषाला हे लागू नाही. अमाटॉक्सिन त्याचं नाव, ते उकळून जात नाही, वाळवून जात नाही, तळून जात नाही. चवीलाही वाईट नसतं.

आणि त्याची चाल बघा. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीही होत नाही. माणूस झोपून जातो. मग उलट्या-जुलाब, वाटतं काहीतरी बाधलं. मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात सुटला, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. म्हणून दवाखान्याचा साधा हिशोब असा की खाल्ल्यावर तासा-दोन तासात उलट्या झाल्या तर त्रास होतो पण बहुतेक वेळा माणूस वाचतो, आणि सहा तासांनंतर सुरू झाल्या तर जास्त घाबरायचं, जरी त्रास कमी वाटत असला तरी. दोन्ही वेळेला थेट मोठ्या दवाखान्यात, सोबत उरलेली कच्ची अळंबी, शिजलेली भाजी, साफ करताना टाकलेले तुकडे, आणि किती वाजता खाल्लं ते लिहून. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात चहाच्या मळ्यांच्या भागात जंगली मशरूम खाऊन दहाच्या वर माणसं गेली, त्यांच्यासाठी अळंबी काही नवीन नव्हती, वर्षानुवर्षं खाणारी माणसं ती.

या जागी गावोगावचे उपाय निघतात. चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विषारी. लसूण टाका. किड्यानं खाल्लंय म्हणजे चांगलं. रंगीत ते वाईट, पांढरं ते चांगलं. सगळं खोटं. जगातली सगळ्यात जास्त माणसं मारणारी डेथ कॅप फिकट हिरवट, पांढऱ्या घड्यांची, दिसायला अगदी सभ्य, आणि तिच्यात गोगलगायी आरामात चरतात.

आता तिसरं पुस्तक उघडायला हरकत नाही. पण कुठून उघडायचं? ज्या अळंबीला तुम्ही स्वतः वाढवलंय तिच्या पानावरून. धिंगरीचं पान काढा. ती लाकडावर उगवते असं लिहिलंय का, घड्या देठावरून खाली उतरतात असं लिहिलंय का, ठसा पांढरट दिलाय का, हिच्यासारखी दिसणारी पण खाऊ नये अशी कोण ते दिलंय का? तुम्हाला जे डोळ्यांनी माहीत आहे त्यातच पुस्तक चुकत असेल किंवा गोलगोल बोलत असेल, तर जे माहीत नाही त्याबद्दल त्याच्यावर भरवसा ठेवायचं कारण नाही. ही भीती उगाच नाही. २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांत एआयनं लिहिलेली मशरूम ओळखायची पुस्तकं शिरली, लेखकाचं नाव खोटं, माहिती गोड, आणि न्यूयॉर्क मायकॉलॉजिकल सोसायटी या बुरशी-अभ्यासकांच्या संस्थेला लोकांना सांगावं लागलं की ओळखीच्या, खऱ्या लेखकांचीच पुस्तकं घ्या, हा जिवाशी खेळ आहे. भाच्याच्या तीनपैकी जंगलवाल्या पुस्तकात लेखकाबद्दल एक ओळ नव्हती आणि डेथ कॅपच्या पानावर 'चव घेऊन खात्री करा' असं होतं! ते पुस्तक आता त्याच्या स्टडी टेबलच्या हलणाऱ्या पायाखाली आहे, तिथं ते उपयोगी पडतं. त्यानं नंतर दुसरं घेतलं, जाडजूड, फोटो कमी आणि मजकूर जास्त.

चांगल्या पुस्तकातसुद्धा एक मेख असते, ते कुठलं आहे. पुस्तक हे सातबाऱ्यासारखं असतं, त्या गावापुरतं. अमेरिकेत गेलेल्या आग्नेय आशियातल्या लोकांच्या बाबतीत हे घडलंय, त्यांच्या गावी भाताच्या पेंढ्यावर येणारी व्हॉल्व्हॅरिएला ते लहानपणापासून खात आलेले, कॅलिफोर्नियात ओकच्या झाडाखाली हुबेहूब तशीच दिसली, घरी आणली, ती डेथ कॅप निघाली. दोघींच्या बुडाशी पांढऱ्या पिशवीसारखा खोळा असतो, कोंब असताना तर फरक सांगणं महाकठीण. पण ठसा घेतला असता तर एकीचा गुलाबी, एकीचा पांढरा. आणि उलट बाजूनं, युरोपच्या पुस्तकातल्या निम्म्या अळंब्या ओक, पाइन, बर्च या झाडांच्या मुळांशी बांधलेल्या, सातपुड्यात साग, सालई, अंजन, धावडा, तिथं त्या येणारच कशा? तरी फोटो जुळल्यासारखा वाटतो कारण माणसाला जुळवायचंच असतं. डेथ कॅप आपल्याकडे ओकच नाही म्हणून नसावी असं म्हणून निवांत बसू नका, तेच अमाटॉक्सिन लेपिओटा नावाच्या छोट्या छत्र्यांच्या काही जातींत असतं आणि त्यांना कुठल्या झाडाची गरज नसते, गवत-पाचोळा पुरतो.

मग आपल्या भागात जंगलातलं खाण्याजोगं काहीच नाही का? आहे की. वारुळावरची. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसेस. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. वाळवी, आपल्याकडची उधई, लाकूड-पाचोळा चावून आत नेते आणि वारुळात त्याच्यावर ही बुरशी पिकवते, तिची रीतसर बाग असते, तण काढते, ओल सांभाळते, आणि ती बुरशीच तिचं अन्न. जवळजवळ ३ कोटी वर्षं हे चाललंय, आपण काड उकळून ट्रेनिंगचं सर्टिफिकेट भिंतीला लावतो तिथं. पहिले जोरदार पाऊस झाले की या बागेतून अळंबी वर येते, टोपीच्या मध्यभागी टोकदार उंचवटा, गुलाबी ठसा, आणि देठ जमिनीत खोल मुळासारखा वारुळापर्यंत गेलेला. उधईशिवाय ती पिकत नाही म्हणून तिची शेती कुणाला जमलेली नाही. दरवर्षी त्याच जागी येते, आणि ती जागा ज्या म्हाताऱ्यांना माहीत असते ते पोटच्या पोरालाही लवकर सांगत नाहीत.

इथं पुस्तकाचं काम संपतं आणि माणसाचं सुरू होतं. चोपड्याकडच्या पावरा आदिवासींच्या एका पाड्यावरच्या आजींसोबत मी दोन पावसाळे फिरलो. त्यांना 'किती प्रकार ओळखता' विचारलं तर म्हणाल्या दोन. फक्त दोन! मला वाटलं पन्नास सांगतील. बाकीच्यांना नावं पण नाहीत त्यांच्याकडे, सगळ्यांना एकच शब्द, कुत्र्याची. उपटताना त्या चाकूनं कापत नव्हत्या, बोटं मातीत खुपसून पार खालपर्यंत जाऊन काढत होत्या. मी विचारलं कशाला एवढी मेहनत, तर म्हणे मूळ लागलं पाहिजे. म्हणजे पुस्तक जे दोन पानांत सांगतं की बूड बघितल्याशिवाय ओळख पूर्ण होत नाही, ते या बाईच्या बोटांत होतं.

रानभाज्यांची पुस्तकं मात्र मी बिनधास्त सांगतो, कारण तिथं शिकायला वेळ मिळतो. तरोटा, कुर्डू, केना, पाथरी, घोळ, आंबुशी, करटोली, सगळं बांधावर, आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या आसपास कृषी खातं रानभाजी महोत्सव भरवतं तिथं भाजी हातात घेऊन, विकणाऱ्या बाईला विचारून, दुसऱ्या दिवशी बांधावर शोधून असं शिकता येतं. पुस्तकात फक्त गावठी नावावर जाऊ नका, एका नावाच्या तीन भाज्या आणि एका भाजीची सात नावं असतात, शास्त्रीय नाव म्हणजे गट नंबर, तो जुळला पाहिजे. आणि कंदांच्या बाबतीत अळंबीएवढंच सावध. कळलावीचं फूल पावसाळ्यात किती सुंदर दिसतं, ज्वाळेसारखं, तिचा कंद रताळ्यासारखा म्हणून खाऊन श्रीलंकेत माणसं दगावली आहेत. शाळेच्या कुंपणाला लावलेली चंद्रज्योत, तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि वर्गच्या वर्ग दवाखान्यात जातो, हे महाराष्ट्रात बऱ्याचदा झालंय.

भाच्याचं म्हणाल तर त्याचंही एक सांगतो. मागच्या जुलैत त्यांच्या घरासमोरच्या गवतात पोळीएवढ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्या आल्या, वर तपकिरी खवले, देठाला कडं, अर्ध्या वर्तुळात उभ्या. गल्लीतले दोघं पिशव्या घेऊनच आले होते. खाली घड्या पांढऱ्याफेक. पुस्तकात दोन पानं जुळत होती, एक खाण्याजोगी, एक नाही. यानं एक टोपी कापून काचेवर ठेवली, वर पातेलं पालथं घातलं आणि त्या दोघांना चहा पाजून सकाळी या म्हणाला. सकाळी पातेलं उचललं तर काचेवर ठसा हिरवट. क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस. पाऊस पडला की लॉनवर, मैदानात उगवते, मरत नाही माणूस बहुतेक, पण दिवसभर उलट्या-जुलाबानं सलाइन लागतं. त्यानं पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं तारीख लिहिली, 'घरासमोर, सकाळी ७, हिरवा', आणि ती काच तशीच शोकेसमध्ये उभी करून ठेवली आहे, घरचे रोज म्हणतात पुसून टाक म्हणून.